चोंदलेले नाक आणि मिठाचे पाणी

तान्हे मूल रात्री भुकेने जागे होते, आई त्याला पदराखाली घेते, ते अधाशीपणाने चार घोट ओढते आणि एकाएकी तोंड सोडून, मान मागे टाकून रडू लागते. पुन्हा स्तन धरते, पुन्हा सोडते. दूध कमी पडते की काय, पोटात दुखते की काय, कोणाची दृष्ट लागली की काय, अशा नाना शंकांनी सारे घर उठून बसते, आणि त्या गडबडीत मुलाच्या नाकातून येणाऱ्या बारीक घरघरीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः पुष्कळदा त्या अर्भकाची सारी तक्रार तेवढीच असते. जन्मानंतरचे पहिले काही महिने मूल प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रिया एका लयीत चालाव्यात अशी निसर्गाची तरतूद आहे, आणि नाकाची वाट मोकळी असेल तोवरच ती लय टिकते. नाक चोंदले की भूक आणि श्वास यांतले एकच त्याला साधता येते, आणि ते श्वासाकडे धावते. मोठ्या माणसाला पडसे म्हणजे आठवडाभराचा त्रास, तान्ह्याला तो अन्नाचाच प्रश्न होऊन बसतो. यास्तव, मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब हा दिसावयास अगदी मामुली असलेला उपाय त्याच्या कारणांसह समजून घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नाक चोंदते म्हणजे आत शेंबूड साचून वाट अडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. प्रत्येक नाकपुडीच्या आत, बाहेरच्या अंगाच्या भिंतीवर, पातळ हाडाची तीन वळलेली पाने एकाखाली एक बसविलेली असतात. त्यांच्यावर श्लेष्मल त्वचेचे ओलसर आच्छादन असते, आणि त्या त्वचेखाली, विशेषेकरून सर्वांत खालच्या पानावर, नीलांचे एक दाट जाळे असते, जे रक्ताने भरले म्हणजे फुगते आणि रिते झाले म्हणजे आकसते. प्रौढ माणसाच्या नाकातून दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा फुप्फुसांकडे जाते; तिला वाटेतच ऊब व आर्द्रता द्यावयाची, तिच्यातील धूळ अडवावयाची आणि मगच तिला पुढे सोडावयाचे, हा नाकाचा नित्याचा कारभार या रचनेच्या बळावर चालतो. पडशाच्या विषाणूंनी या त्वचेत शिरकाव केला की त्या जागेचा रक्तपुरवठा वाढतो, नीला तुडुंब भरतात, त्वचा सुजते आणि मूळचीच चिंचोळी वाट मिटते. म्हणूनच नाक शिंकरून शिंकरून लाल झाले तरी ते मोकळे होत नाही. शिंकरून बाहेर यावे असे तेथे फारसे काही नसतेच. आडवे पडल्यावर डोक्याकडील नीलांत रक्त अधिक साठते, त्यामुळे दिवसभर बऱ्यापैकी मोकळे असलेले नाक अंथरुणाला पाठ लागताच बंद होते. आणि कुशीवर निजले असता खालची नाकपुडी मिटते, कूस पालटली की थोड्या वेळाने दुसरी मिटते, हा अनुभव तर कोणी घेतला नाही असे होणार नाही. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक, मग दुसरी, असा त्यांचा पाळीपाळीने चालणारा क्रम आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये केले. आपल्याकडील योगमार्गाने त्याची दखल चंद्रनाडी व सूर्यनाडी या नावांनी कितीतरी आधीच घेतलेली होती.

सुजेच्या जोडीला दुसरा अडथळा श्लेष्म्याचा. या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य रोमक असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि आपल्यावर पसरलेला श्लेष्म्याचा पातळ थर, त्यात अडकलेल्या धुळीसह व जंतूंसह, मिनिटाला सुमारे पाच-सहा मिलिमीटर या संथ गतीने घशाकडे सरकवीत राहतात. हे काम अहोरात्र चालते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पडशात, किंवा वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या हवेत, हा थर दाट व चिकट होतो, त्याची मेकडे बनतात, आणि पाटात गाळ बसला म्हणजे पाणी वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसे रोमक हलत असूनही त्यांच्याने काही पुढे सरकत नाही. मिठाच्या पाण्याचे कार्य येथे सुरू होते. ते दाटलेला श्लेष्मा पातळ करते, मेकडे भिजवून सोडविते, विषाणू आणि सूज वाढविणारी द्रव्ये काही अंशी धुऊन नेते, आणि रोमकांना त्यांचे नेहमीचे काम पुन्हा करता येईल इतका ओलावा त्यांना परत देते. नीलांच्या सुजेवर त्याचा थेट हुकूम चालत नाही. ज्याला क्षणार्धात नाक सताड उघडलेले हवे असेल त्याची येथे निराशा होईल; परंतु नाकाला स्वतःचे काम स्वतः करू देणारा हाच उपाय आहे, आणि त्याची ही मर्यादा व हे सामर्थ्य दोन्ही एकत्रच पत्करली पाहिजेत.

नुसते पाणी नाकात गेले म्हणजे कसे झोंबते, हे विहिरीत वा नदीत डुंबलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पेशींच्या आतील द्रवात क्षार असतात. बाहेर क्षारहीन पाणी आले की परासरणाच्या नियमाने ते पेशींत शिरू लागते, पेशी फुगतात व दुखावतात. पाणी फार खारट असेल तर उलट घडते, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि आग होते. या दोहोंमधला समतोलाचा बिंदू कोणता, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्टोग याकोब हॅम्बुर्गर या डच शरीरशास्त्रज्ञाने रक्तातील तांबड्या पेशींवर प्रयोग करून दाखविले. बेडकाच्या ऊतींना मानवणारे ०.६ टक्क्यांचे द्रावण तोवर प्रयोगशाळांत रूढ होते. माणसाच्या पेशी न फुगता, न आकसता राहतात त्या द्रावणाचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के आहे, म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. रुग्णालयात शिरेतून जे सलाइन देतात त्यातही मिठाचे प्रमाण हेच असते. औषधांच्या दुकानात नाकासाठी मिळणाऱ्या बाटल्यांवर बहुधा ‘सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के’ असे लिहिलेले आढळते. ते किंचित सौम्य असते आणि तान्ह्या मुलांना सहज मानवते.

पहिल्या काही महिन्यांच्या बाळासाठी घरी द्रावण करण्याच्या फंदात पडू नये, दुकानातील निर्जंतुक बाटलीच आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती स्वस्त असते आणि तीत प्रमाणाची चूक होण्यास वाव नसतो. मोठ्या मुलांसाठी व स्वतःसाठी द्रावण घरी अवश्य करता येते, मात्र ‘चिमूटभर मीठ’ हे माप येथे कामाचे नाही, कारण एकाची चिमूट दुसऱ्याच्या दुप्पट भरते. झाकणाच्या स्वच्छ पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यावे, उकळी आल्यावर निदान एक मिनिट ती टिकू द्यावी आणि मग त्यातील अर्धा लिटर पाणी मोजून घ्यावे. आधी मोजलेले पाणी उकळताना आटते आणि हिशेब चुकतो. त्या अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ लागते. औषधाच्या बाटलीबरोबर जो पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा येतो, त्याच्या पाऊण भागात बारीक मीठ साधारण तेवढे भरते; घरातले चहाचे चमचे लहानमोठे असतात, त्यांवर विसंबू नये. आयोडीनविरहित शुद्ध मीठ मिळाले तर उत्तम. पुडीतले साधे बारीक मीठ चालते, पण काहींच्या नाकाला ते थोडे झोंबते. खडे मीठ, सैंधव किंवा काळे मीठ यांत इतर द्रव्ये व कचरा असतो, म्हणून ती नकोत. मीठ विरघळले की पातेले झाकून ठेवावे, निवल्यावर द्रावण उकळलेल्या बाटलीत भरावे, शीतकपाटात ठेवावे आणि २४ तासांनंतर उरलेले निःशंकपणे ओतून द्यावे. प्रमाण साधले की नाही हे जिभेलाही कळते: द्रावणाची चव अश्रूंइतकी खारट असावी, समुद्राच्या पाण्याइतकी नव्हे, कारण समुद्रात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात.

नाक पाण्याने धुण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. हठयोगाच्या षट्कर्मांत नेती आहे. हठयोगप्रदीपिकेतील नेती सुताची असली तरी जलनेतीचा प्रसार पुढे फार झाला, आणि १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामासारख्या संस्थांमुळे ती महाराष्ट्रातील पुष्कळ सामान्य घरांत पोचली. जुनाट सर्दी आणि धुळीची बाधा असलेल्या प्रौढांना तिने बरे वाटते, यात शंका नाही. परंतु नळाचे किंवा विहिरीचे पाणी कोमट करून तसेच नेतीच्या लोट्यात भरण्याची जी सवय दिसते, ती मात्र तत्काळ सोडली पाहिजे. गोड्या, उबदार पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा राहतो; असे पाणी प्यायल्याने काही होत नाही, पण ते नाकात वर चढले तर हा जीव गंधनाडीच्या वाटेने मेंदूत शिरतो, आणि मग वाचणारे रोगी विरळाच. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नेतीपात्रात नळाचे पाणी वापरणाऱ्या दोन व्यक्ती याच रोगाने दगावल्या. कराचीत नळाच्या अपुऱ्या शुद्ध केलेल्या पाण्यामुळे असे मृत्यू वारंवार झाले आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत केरळमधील रुग्णांच्या वार्ता आपण वाचल्याच आहेत. रोग अत्यंत दुर्मीळ आहे हे खरे. परंतु एका मिनिटाच्या उकळीने तो टळत असताना ती उकळी वाचविण्यात कसली किफायत? गाळणयंत्रातून आलेले पाणीही उकळल्याविना नाकात घालू नये. साधारण दोन हजार मीटरांहून उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळावे असा दंडक आहे. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर असल्यामुळे महाराष्ट्रात कोठेही एक मिनिट पुरते.

थेंब घालण्याची क्रिया सोपी आहे, पण ती घाईची नाही. बाटली आधी काही वेळ मुठीत धरून थेंबांचा गारठा घालवावा, कारण गार थेंबाने मूल दचकते आणि पुढच्या खेपेस बाटली दिसताच मान फिरविते. बाळाला मांडीवर उताणे घेऊन खांद्यांखाली पंच्याची लहान वळकटी ठेवावी, म्हणजे मान किंचित मागे जाते. नळीचे टोक नाकपुडीला न टेकविता, वरूनच, प्रत्येक बाजूस दोन किंवा तीन थेंब सोडावेत. मूल शिंकेल, तोंड वाकडे करील, एखादा थेंब घशात उतरून ठसकेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, उलट शिंकेने निम्मे काम होते. मिनिटभर थांबून, मऊ ओल्या फडक्याने जे बाहेर आले असेल तेवढेच टिपावे. काडीला कापूस गुंडाळून तो नाकात फिरविण्याचा मोह आवरावा, त्याने आतली त्वचा सोलते. शेंबूड ओढण्याचा रबरी फुगा वापरावयाचा असल्यास तो बाहेरच दाबून मग नाकपुडीच्या तोंडाशी लावावा आणि हळू सोडावा, आणि तोही दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक नको, नाहीतर ओढण्यानेच सूज वाढते. या सगळ्याची उत्तम वेळ म्हणजे अंगावर घेण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे. दूध पिऊन झाल्यावर थेंब घातले तर ठसक्याबरोबर प्यालेले दूध बाहेर येते. प्रत्येक मुलाची बाटली निराळी ठेवावी, हे वेगळे सांगावयास नकोच.

हा उपाय केवळ आजीबाईच्या बटव्यातला राहिलेला नाही. एडिंबरोच्या संशोधकांनी सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये व्हिएन्ना येथील श्वसनविकार परिषदेत मांडले गेले. सुमारे २.६ टक्क्यांच्या, म्हणजे रक्तापेक्षा खारट द्रावणाचे तीन-तीन थेंब दिवसातून निदान चार वेळा ज्यांना घातले, त्यांचे पडसे सरासरी सहा दिवसांत आटोपले, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांना आठ दिवस लागले. घरातील इतरांना सर्दी लागल्याचे पहिल्या गटात ४६ टक्के कुटुंबांनी सांगितले, दुसऱ्यात ६१ टक्के कुटुंबांनी. मिठातील क्लोराइड वापरून नाकातील पेशी हायपोक्लोरस आम्ल तयार करतात आणि ते विषाणूंची वाढ रोखते, अशी उपपत्ती या संशोधकांनी दिली आहे. मीठपाणी कोणाला मिळते हे पालकांपासून लपविण्याजोगे नव्हते, तेव्हा या आकड्यांना थोडी सूट देऊनच ते वाचावेत. तरीही दोन दिवसांची बचत ही तान्ह्याच्या आईला लहान गोष्ट नाही. अधिक खारट द्रावण झोंबते, म्हणून घरच्या घरी मात्र ०.९ टक्क्यांचीच मर्यादा पाळावी.

ज्याविषयी मला सर्वाधिक कळकळीने सांगावयाचे आहे ती गोष्ट निराळीच आहे. औषधाच्या दुकानात ‘नाकाचे थेंब द्या’ एवढेच म्हटले तर जी बाटली हाती पडते ती बहुधा मीठपाण्याची नसते; तीत झायलोमेटॅझोलीन किंवा ऑक्सिमेटॅझोलीन असते. ही औषधे नीलांना आवळतात, नाक काही मिनिटांत लख्ख उघडते, आणि हाच त्यांचा धोका. अंमल उतरला की आवळलेल्या नीला पूर्वीपेक्षा अधिक फुगतात, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि तीन, फार तर पाच दिवसांची मुदत ओलांडली की पडसे केव्हाच गेलेले असते, पण नाक मात्र थेंबांवाचून उघडेनासे होते. रात्री उशीखाली बाटली घेऊन निजणारी, ती संपली तर अपरात्री दुकान शोधणारी माणसे आपल्या भोवती आहेत. महिनोन् महिने, कधी वर्षेही ती या चक्रात अडकतात आणि त्यांना ‘जुनाट सर्दी’ झाली आहे असे सारे समजतात. वैद्याच्या सल्ल्याने ते थेंब सोडवावे लागतात, आणि ते सुटेपर्यंतच्या कठीण दिवसांत मिठाचे पाणी सोबतीला उपयोगी पडते. तान्ह्या मुलांना तर ही औषधे डॉक्टरांच्या स्पष्ट आज्ञेवाचून देऊच नयेत, कारण ती नाकातून रक्तात जाऊन बाळाला गुंगी आणू शकतात, श्वास मंदावू शकतात. तेव्हा बाटलीवरचे मोठे नाव न वाचता खालची बारीक अक्षरे वाचावीत: तेथे केवळ सोडियम क्लोराइड असेल तरच ते मीठपाणी.

आपल्या घरांतील काही जुने दस्तूरही प्रेमापोटीच चालत आले आहेत, म्हणून त्यांविषयी बोलताना जीभ जड होते, पण बोलले पाहिजे. न्हाऊ घालणारी बाई बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडते. तेल पाण्यासारखे निघून जात नाही, ते श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरले तर तेथे चिवट स्वरूपाचा न्यूमोनिया होतो, आणि अशा बाळांवर उपचार करण्याची वेळ बालरोगतज्ज्ञांवर आजही येते. आंघोळीनंतर ओवा, वावडिंग, ऊद यांची धुरी देतात. सुजलेल्या नाकाला धूर म्हणजे आणखी एक घाव. कापूर लहान मुलांच्या पोटात किंवा कातडीतून पुरेसा गेला तर झटके येतात. वाफाऱ्याने मोठ्यांना बरे वाटते, पण उकळत्या पाण्याचे पातेले आणि लहान मूल एका चादरीखाली कधीही असू नयेत. बाळाला तेलाने माखणे, शेकणे, उबेत ठेवणे या माया करण्याच्या रीती खुशाल चालू राहाव्यात. नाकापुरते तेल आणि धूर तेवढे वगळावेत.

सर्दीच्या सिरपांची तर आता सरकारनेच ताकीद दिलेली आहे. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. पोटातून घेतलेले फिनाइलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारकच नाही, असे अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी एकमताने सांगितले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या कफ सिरपाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतल्या कित्येकांना अखेरच्या उपचारासाठी नागपुरास आणले होते. साध्या सर्दीखोकल्यासाठी ते आईबाप दवाखान्याची पायरी चढले होते, हे आठवले की मन विषण्ण होते.

शेंबडाचा रंग पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविकांची वेळ आली, हा समजही सोडावा. तो रंग जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींतील द्रव्याचा असतो आणि साध्या विषाणूच्या पडशातही येतो. परंतु एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर मुलाने चिंचोका, मणी, खडूचा तुकडा असे काही आत घातलेले असण्याचा दाट संभव असतो. तेथे थेंबही नकोत आणि घरचा चिमटाही नको. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी नाकात गेल्याचा नुसता संशय आला तरी तासाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, ती आतली त्वचा जाळते. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, ओठांवर निळसर झाक, दोन-तीन वेळा दूध नाकारणे, श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जाणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर घरगुती उपायांचा अखत्यार संपला असे समजावे. कान दुखू लागला, किंवा सर्दी दहा दिवसांनंतरही उतरेना, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाणे पुरते. आणि मूल धापा टाकते की केवळ चोंदलेल्या नाकाने घरघरते, हे रात्री ठरविता येत नसेल, तर आधी थेंब घालून नाक टिपावे, ते शांत होऊ द्यावे, मग त्याचे झबले वर करून, घड्याळ समोर ठेवून, पोटाची हालचाल पुरे एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर एकवार पुन्हा मोजावेत. आकडा तोच आला, तर मुलाला दुपट्यात घेऊन, जी औषधे दिली असतील त्यांच्या बाटल्या बरोबर घेऊन, सकाळची वाट न पाहता निघावे.